आधी मोरी, मग डांबर

तालुक्याची हद्द पाटी वाचून कळते, असं चारचाकीत बसणाऱ्यांना वाटतं. दुचाकीवर ती आधी बुडाला कळते. इतका वेळ निमूट चाललेली गाडी एखाद्या मोरीपाशी थडथडायला लागते, चालवणाऱ्याचे खांदे कानांपर्यंत चढतात आणि मागून आवाज येतो, “आलं वाटतं दुसऱ्याचं खातं.” मी सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. हा हद्दीचा सिद्धान्त मात्र माझ्या बायकोचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने जन्मभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आणि जामखेड सोडून पाटोद्याकडे निघालो तेव्हा मागच्या सीटवर बसून तो मांडला.

सिद्धान्त चुकीचा नाही. १९४३च्या डिसेंबरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची उतरंड ठरली. कॉलेजात आम्ही ती ‘नागपूर प्लॅन’ म्हणून घोकली. आज आपल्याकडे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग आमच्या खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, ग्रामसडक योजनेचा कारभार आणखी वेगळा. एकाच वाटेने दहा किलोमीटर जावं तर मालक दोनदा बदलतो. दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचे शेवटचे दोनेक किलोमीटर तर कोणाचेच नसतात. तिथे घरं नाहीत, म्हणून मतं नाहीत. मतं नाहीत म्हणून मागणी नाही. एवढं माझ्या पदाला न शोभणारं स्पष्टीकरण मी तिला गाडीवरच, वाऱ्यात ओरडून दिलं.

निवृत्तीनंतर लोक केसरी पाट्यांच्या बसने युरोप बघतात. आमच्याकडे तोच बेत चालला होता, तर ही म्हणाली, “अहो, तुम्ही जन्मभर रस्ते केलेत म्हणता. मला त्यातला एकही दाखवला नाहीत.” यावर उत्तर नव्हतं. मग जानेवारीत, ज्वारी हुरड्यात असताना, आम्ही पुण्याहून निघालो. काष्टी, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, तिथून बालाघाटाच्या पाठीवरून पाटोदा, केज, अंबाजोगाई, मग अहमदपूर, लोहा, कंधार करत नांदेड; पुढे हिमायतनगरकडून पैनगंगा ओलांडून उमरखेड, पुसद, वाशीम, रिसोड आणि शेवटी लोणार. महामार्ग लागला तर तो ओलांडायचा, त्यावरून जायचं नाही, असा नियम. तो शंभर टक्के पाळला गेला नाही, पण भांडणाला पुरेसा पाळला गेला.

गाडी स्प्लेंडर. माझ्या पुतण्याला त्यात आमची काटकसर दिसली. खरं कारण असं की या गाडीचा क्लच प्लेटपासून चेन-स्प्रॉकेटपर्यंत कोणताही सुटा भाग कोणत्याही बाजारच्या गावात मिळतो आणि ती खोलायला घाबरणारा मिस्त्री अजून जन्माला यायचा आहे. नोकरीच्या सुरुवातीला साइटवर जायला मी राजदूत चालवली, पुढे खात्याची जीप आली. जीप आली तसा रस्ता माझ्यापासून दूर गेला, हे या प्रवासात वारंवार जाणवलं. जीपमधून रस्ता म्हणजे साखळी क्रमांक, रुंदी, थराची जाडी. दुचाकीवर रस्ता मणक्यातून वर येतो आणि मागे बसलेल्या माणसाच्या मणक्यातून तर जरा जास्तच येतो, कारण ती सीट थेट मागच्या चाकावर असते. पुढच्याला खड्डा दिसतो, तो रिकिबीवर भार टाकून उठू शकतो. मागच्याला आधी दणका बसतो आणि मग कळतं की तो खड्डा होता.

त्यामुळे पहिल्याच दिवशी आमच्यात करार झाला. खड्डा दिसला की मी डावा हात किंचित वर करायचा, गतिरोधक दिसला की कोपर बाहेर काढायचा. तिने आयुष्यभर साडी नेसून एका बाजूला बसून शाळा गाठली. या प्रवासासाठी पंजाबी ड्रेस शिवून घेतला आणि साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली. श्रीगोंद्याच्या अलीकडे म्हणाली, “हे इतकं सोपं होतं होय!” मी काही बोललो नाही.

गतिरोधकांवर मी एक स्वतंत्र लेख लिहू शकेन. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात त्याची उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७० मीटर आणि वक्राची त्रिज्या १७ मीटर दिली आहे. या मापाच्या गतिरोधकावरून गाडी तरंगत जाते. गावात दिसतो तो प्रकार वेगळा. मातीचा बांध, उरलेल्या काँक्रीटची वळकटी, एका ठिकाणी तर विजेचा मोडका सिमेंटचा खांब आडवा पुरलेला. नोकरीत असताना असे गतिरोधक काढायला मी जेसीबी पाठवलेले आहेत, आणि आठवड्याभरात ते परत उगवलेलेही पाहिले आहेत. हिने मात्र दोन-तीन गावांत चहाला थांबल्यावर सहज विचारलं, “हा कधी केला?” वर्ष कोणी सांगितलं नाही. कोण गेलं ते सांगितलं. कोणाची नात, कोणाचा म्हातारा, कोणाची दुभती म्हैस. त्यानंतरही तो खांब मानकात बसत नाही तो नाहीच, पण मी गुरगुरणं थांबवलं.

रस्ता विचारण्याचं काम तिच्याकडे होतं. गुगल मॅपला पांदण आणि डांबरी यांतला फरक कळत नाही. पावसाळ्यात जी बैलगाडीलाही जड जाते ती वाट त्याला जवळची दिसते. मी विचारलं की पारावरचे पुरुष हात लांब करून “सरळ जा, थोडं पुढं” म्हणत. ते थोडं पुढं कधी चार किलोमीटर, कधी चौदा. ही बायकांना विचारायची. हापशावरची, शेळ्यांमागची, निंदायला निघालेली. त्यांचं उत्तर पाण्यावरून असे. “वढा वलांडला की डावीकडं नका वळू, तिथं राड हाय. दुसरा वढा येऊ द्या.” कुठे पाणी आहे, कुठे उतार आहे, कुठे चाक फसतं, सगळं त्यात येऊन जाई. आमच्या खात्यात सर्वेक्षणाला तीन माणसं आणि एक डंपी लेव्हल लागते.

पाटोदा तालुक्यात जानेवारीत गावं अर्धी रिकामी असतात. बीड जिल्ह्यातली ऊसतोड मंडळी दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात, ती उन्हाळ्यात परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही मुलं. या मुलांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहं चालवली जातात, हे मला ऐकून ठाऊक होतं. हिला मात्र त्यातली सगळी कागदपत्रं पाठ. प्रत्येक गावात शिरलं की तिची नजर शाळा शोधायची, माझी नजर मोरी. एका गावात दोन्ही शेजारी शेजारी निघाल्या म्हणून गाडी उभी केली.

शाळेसमोरच्या घराच्या ओसरीवर एक आजी तूर पाखडत बसली होती. हिने पाणी मागितलं, तिने गूळही आणला. कुठले, कुठं निघालाव, म्हातारपणी फटफटीवर कशाला, अशी चौकशी झाल्यावर मी रस्त्याबद्दल विचारलं, केव्हाचा म्हणून. आजी म्हणाली, “ह्यो व्हय? ह्यो आमी केलाय.”

बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती. विहिरी आटल्या, गुरं विकली गेली आणि सासूसह ती खडी फोडायला बसली. दगड फोडायचा, ढीग लावायचा, साहेब टेप लावून मोजायचा. कामावर सुकडी मिळायची, ती फडक्यात बांधून धाकट्या दिरासाठी घरी आणायची. तिने मला उजव्या हाताची तर्जनी दाखवली. पेर वाकडं होतं, हातोडा बसलेला. “मग सायबानं रस्ता केला म्हनून पाटी लावली,” ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मी खात्याचा, हे हिने तोवर सांगून टाकलं होतं.

त्या वर्षीच्या दुष्काळी कामांतून आणि नंतरच्या रोजगार हमीतून मराठवाड्यात किती रस्त्यांची माती पडली, हे आमच्या पिढीच्या अभियंत्यांना कोणी सांगावं लागत नाही. आमच्या पहिल्या डांबराखाली तीच खडी होती. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये केला, तो १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला आणि २००५च्या केंद्रीय कायद्याआधी पाव शतकाहून जास्त काळ राबवला गेला. पण त्या कामांची एक खोड होती, आणि ती आजीने माझ्याआधी सांगितली: “सडक झाली, वढा तसाच ऱ्हायला की ओ.”

याचं कारण हिशेबात आहे. रोजगार हमीचा हेतू हाताला काम देण्याचा, म्हणून खर्चातला मोठा वाटा अकुशल मजुरीवर जायला हवा. साठ-चाळीसचं प्रमाण म्हणतात ते हेच. माती टाका, खडी फोडा, मजुरी वाढते. मोरीला सिमेंट, नळे, गवंडी लागतो. मोरी घेतली की प्रमाण बिघडतं. मग मोरीची जागा मोकळी सोडून रस्ता पुढे जाई, ‘पुढील टप्प्यात’. पुढे डांबराचे टप्पे आले, कारण डांबर दिसतं, त्याचं उद्‌घाटन होतं. मोरीवर नारळ फोडणारा पुढारी मी एकदाही पाहिला नाही.

त्या रात्री अंबाजोगाईच्या विश्रामगृहात हिने एक गोष्ट सांगितली. तिच्या पहिल्या शाळेत जुलै-ऑगस्टच्या हजेरीपत्रकात ओढ्यापलीकडच्या वस्तीची मुलं एकाच दिवशी सगळी गैरहजर दिसत. शेऱ्याच्या रकान्यात ती ‘ओढा आला’ असं लिहायची. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय कारण झालं? ती म्हणाली, पावसाळ्यात या, दाखवते. तो रस्ता माझ्याच उपविभागातला. माझ्या मोजमाप पुस्तकात त्याची लांबी होती, रुंदी होती, वीस मिलिमीटर कार्पेट आणि वर सीलकोट होता. ओढ्याला तिथे फक्त साखळी क्रमांक होता. एकाच ओढ्याच्या दोन नोंदी एकाच घरात, दोन पिशव्यांत, इतकी वर्षं राहिल्या आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. आम्ही दोघं बराच वेळ हसलो, मग खानसाम्याने जेवण वाढलंय म्हणून हाक मारली.

अहमदपूर सोडून लोह्याकडे निघालं की मातीचा रंग गडद होत जातो. ही काळी कापसाची जमीन पिकाला माय आणि रस्त्याला सावत्र आई. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. रस्ता तिच्यावर नुसता अंथरला तर दरवर्षी तिच्याबरोबर वर-खाली होतो, कडेपासून तुटत येतो. इलाज सगळ्यांना माहीत आहे. खाली मुरुमाचा जाड थर द्या, भराव उंच घ्या, दोन्ही अंगांना गटार काढा, पाणी रस्त्याखाली मुरू देऊ नका. यातलं गटार कागदावर असतं. ते काढलं तरी पुढच्या हंगामात शेतकरी ट्रॅक्टर आत नेण्यासाठी ते बुजवतो, नळा टाकायचे पैसे कोणी देत नाही, आणि पाणी तिथे तुंबून बसतं. त्याला तरी काय बोलणार? रस्त्याला जमीन त्यानेच फुकट दिलेली असते. ग्रामसडक योजनेत भूसंपादनाला पैसे नसतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी रस्ता बांधाबांधाने जातो आणि मधेच, काहीही कारण दिसत नसताना, काटकोनात वळतो. कारण असतं. वळणाच्या आतल्या बाजूच्या माणसाने नाही म्हटलेलं असतं. दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी उभी असताना असलं वळण दुचाकीवर घेणं म्हणजे समोरून काय येईल ते देवाला माहीत. आम्ही हॉर्न देत, दुसऱ्या गिअरवर जात होतो. कंधारच्या अलीकडे असाच वळलो तर समोर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल कापड. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, हा आमचा एकच नियम आम्ही कधी मोडला नाही, तो अशा ट्रॉल्यांमुळे.

कंधारचा राष्ट्रकूटकालीन तलाव, जगत्तुंग समुद्र, मात्र मुद्दाम थांबून पाहिला. त्याचा बांध पाहून मी जे बोलू लागलो ते हिने अर्ध्यावर थांबवलं. जेवायचं होतं.

अलीकडे गावागावांत सिमेंटचे रस्ते होत आहेत. ते टिकतात, मान्य. पण सिमेंटचा रस्ता जमिनीपेक्षा वीतभर उंच आणि साइडपट्टी भरलेलीच नाही, हे चित्र नांदेडपासून वाशीमपर्यंत दिसलं. समोरून ट्रक आला की दुचाकीवाल्याने खाली उतरायचं, तर ती पायरी. बिल निघतं काँक्रीटचं. साइडपट्टीचा मुरूम शेवटच्या दिवसासाठी ठेवतात आणि तो दिवस उजाडत नाही. मी हे आतल्या माहितीने लिहितो आहे.

पैनगंगा ओलांडली की बोली बदलते. उमरखेडच्या पुढे एकाने विचारलं, “कुठी चालले जी, या वयात?” आणि उत्तराची वाट न पाहता आम्हाला थांबवलं, कारण पुढचा पाऊण रस्ता तुरीने झाकलेला होता.

हा प्रकार नीट सांगायला हवा. तुरीची कापणी झाली की पेंढ्या उन्हात वाळवायच्या आणि मग झोडपायच्या किंवा यंत्रात घालायच्या. पूर्वी शेणाने सारवलेलं खळं असे, त्यावर बैलांची पात फिरे. आता बैल कमी झाले, खळं करायला माणूस मिळत नाही, आणि सरकारने शेताच्या कडेने काळं, कडक, उन्हाने तापणारं खळं करून दिलं आहे. त्यावर तूर पसरायची. दिवसभर जीप, टेम्पो, एसटी वरून जाते, शेंगा फुटतात, संध्याकाळी दाणे झाडून घ्यायचे. नियमाने हा गुन्हा. वाळलेल्या काड्यांवर दुचाकीचं चाक सरकतं, काड्या चेनमध्ये अडकतात, आणि मोटारीच्या तापलेल्या सायलेन्सरने पेट घेतल्याचेही प्रकार होतात. नोकरीत मी अशा नोटिसा काढल्या आहेत.

आता मी त्या तुरीच्या अलीकडे गाडी बंद करून उभा होतो. तिथली बाई म्हणाली, “चालवा ना जी वरून, तेवढंच आमचं काम व्हते.” ही उतरली. गाडी सुरू करायला नको, असं मला डोळ्यांनी सांगून तिने चपला काढल्या, पायाने थोडी तूर बाजूला सारली आणि चाकापुरती वाट केली. मी इंजिन न लावता गाडी ढकलत नेली. काड्यांखाली दाणे कडकड वाजत होते. पलीकडे गेल्यावर त्या बाईने ओंजळभर ओल्या शेंगा हिच्या पिशवीत टाकल्या. मी विचारलं, रस्ता कधी झाला. “मागच्या साली. लय बेस झाला.” आणि मग, न विचारता, “नाल्यावरचा पूल तेवढा राह्यला.” मी हिच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

पुसदहून वाशीमकडे जाताना मागचं चाक पंक्चर झालं, पंक्चरवाल्या मुलाने दहा मिनिटांत काढून दिलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रिसोडच्या पुढे, लोणार अजून दूर असताना, रस्त्याचं काम चालू दिसलं आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. पेव्हर नव्हता; टिपरमधून माल ओतून, फावड्यांनी पसरून रोलर फिरवत होते. कनिष्ठ अभियंता पोरसवदा होता, डोक्याला रुमाल बांधून उन्हात उभा, हातात थर्मामीटर. डांबराचं तापमान स्वतः बघतो आहे, एवढ्याने मला बरं वाटलं. ओळख सांगितली. तो लगबगीने सावलीत खुर्ची आणायला निघाला; मी नको म्हटलं. थराची जाडी, खडीची प्रत, ठेकेदार ऐकतो का, अशा गप्पा सुरू झाल्या. त्याला मोकळं झाल्यासारखं वाटलं असावं. साइटवर खात्याचा म्हातारा माणूस भेटला की बरंच बोलता येतं.

ही तोवर पुढे चालत गेली होती. शंभरेक पावलांवर शाळा होती, पत्र्याचं फाटक, भिंतीवर बाराखडी. परत आली ती सरळ त्याच्यापुढे.

“बाळ, तुमच्या रस्त्याचं पाणी शाळेच्या पटांगणात जाणार.”

तो म्हणाला, “बाई, गटार एस्टिमेटमध्ये नाही.” ती शिक्षिका हे त्याला कसं कळलं, मला माहीत नाही, पण कळलं.

“पटांगण खाली आहे. रस्ता तुम्ही वर घेतलात. पहिल्या पावसात मुलं कुठे उभी राहणार प्रार्थनेला?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं की नव्याने एस्टिमेट करायची गरज नाही. शाळेसमोर दोन नळ्यांची मोरी आणि तीस मीटर कच्चं गटार अतिरिक्त बाब म्हणून प्रस्तावित कर, मुरूम वाचतोच आहे त्यातून जुळव, उपअभियंता नाही म्हणणार नाहीत. म्हणालेच तर विशेष दुरुस्तीत धर. त्याने खिशातून डायरी काढली, साखळी क्रमांक विचारून घेतला, शाळेचं नाव लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

हिने डायरीत डोकावून पाहिलं. “छान अक्षर आहे,” म्हणाली. “कधी होईल?”

मी हेल्मेट चढवलं आणि किक मारली.